भजन मंडळाची जुनी पेटी: दुरुस्तीच्या नोंदी, एप्रिल ते सप्टेंबर २०२५

मी कणकवली तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववी-दहावीला गणित शिकवते. संध्याकाळी वाडीच्या महिला भजन मंडळात बसते आणि गेली सहा वर्षं पेटी (हार्मोनियम) शिकते आहे. दुरुस्तीचं शिक्षण काही नाही. या नोंदी ठेवल्या त्या आमच्यासारख्या दुसऱ्या कुठल्या मंडळाला उपयोगी पडाव्यात म्हणून. प्रत्येक वाडीत एखादी तरी पेटी माळ्यावर पडून असतेच.

१३ एप्रिल, रविवार

दहावीच्या उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा काल नियामकांकडे पोचता केला आणि आज सकाळी पेटी घरी आणली. पुरुष मंडळाने नवी पेटी घेतल्यापासून ही देवळाच्या माळ्यावर होती. सात पावसाळे तिने तिथेच काढले. खर्ज-नर (प्रत्येक पट्टीला दोन सूर, नर आणि त्याच्या एक सप्तक खालचा खर्ज), ३९ पट्ट्या, हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या नऊ खुंट्या, सागवानी अंग. मंडळात आम्ही चौदा जणी, आणि आजवर पेटी दरवेळी मागून आणावी लागते. बरी नवी पेटी २८ हजारांना सांगितली. मंडळाच्या डब्यात साडेसहा हजार आहेत. म्हणून मीच म्हटलं, ही मला द्या, बघते.

आधी फक्त तपासणी केली. सगळ्या खुंट्या बंद, एकही पट्टी दाबायची नाही, चार-पाच वेळा भाता मारून आतला भाता भरायचा आणि तो किती वेळ टिकतो ते मोजायचं. चार सेकंदांत रिकामा. नंतर मुख्य खुंट्या उघडून तेच केलं, तर दीड सेकंद, आणि सहा सूर पट्टी न दाबताच बोलायला लागले. खुंट्या बंद असताना हवा जाते ती भात्यातून. खुंट्या उघडल्यावर जास्तीची जाते ती पट्ट्यांखालच्या झडपांतून. म्हणजे दोन्हीकडे काम आहे. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

पट्ट्या काढण्यापूर्वी प्रत्येकीवर शिसपेन्सिलीने १ ते ३९ आकडे घातले. प्रत्येक पट्टीचं भोक आपापल्या जागेपुरतंच बसतं, एकीची जागा दुसरीला चालत नाही. पट्ट्यांखालची लोकर कसरीने खाल्लेली. चिमटीत धरली तर भुगा झाला.

२० एप्रिल, रविवार

नववीची परीक्षा यंदा २५ तारखेपर्यंत आहे, त्यामुळे हाताशी फक्त रविवार. आज सूरफळी बाहेर काढली. हिच्यावर सूर बसवलेले असतात; सूर म्हणजे चौकटीतली पितळी पाती, हवेने थरथरली की बोलते. खर्जाचे ३९ आणि नराचे ३९ मिळून ७८ सूर, प्रत्येक दोन स्क्रूंनी बसवलेला. स्क्रू गंजलेले. जोर केला असता तर डोकी तुटली असती, म्हणून प्रत्येकावर खोबरेल तेलाचा थेंब सोडून तासभर थांबले. मऊ टूथब्रशने सूर झाडले. चार सूर मुके होते. त्यांतल्या तिघांच्या पातीखाली कोळ्याचं जाळं निघालं. ते काढताच बोलायला लागले. चौथ्याची पाती एका बाजूला सरकून चौकटीला घासत होती. ती ब्लेडने हळूच मधोमध आणली.

इथे मला थांबायला हवं होतं. पण चार मुके सूर बोलले या आनंदात मोबाइलवर ट्यूनर लावला आणि संध्याकाळपर्यंत नऊ सूर खरवडून लावून टाकले. फळी बाहेरच होती आणि मी तोंडाने फुंकत होते.

रात्री सावंतवाडीकडच्या एका जुन्या पेटीवाल्या काकांना फोन केला. आमच्या गुरुजींनीच त्यांचा नंबर दिला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आधी हवा, मग सूर. भाता घट्ट होईपर्यंत कानशीला हात लावू नका." त्याचं कारण जूनमध्ये समजलं. भात्याचा दाब बदलला की सूर हलतो आणि बाहेर फुंकून लावलेला सूर पेटीत बसवल्यावर वेगळाच बोलतो. ते नऊच्या नऊ मला पुन्हा लावावे लागले. पितळ एकदा गेलं की परत येत नाही.

१ मे ते ४ मे

सुट्टी लागली. भाता सोडवला. गळती शोधायला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक अगरबत्ती. घड्यांच्या कडेने ती हळूहळू फिरवायची आणि भाता दाबत राहायचं, जिथे धूर मोडतो तिथे हवा सुटते. दुसरी गोष्ट अंधार. रात्री घरातले सगळे दिवे घालवले आणि भात्यात मोबाइलची टॉर्च पेटवून ठेवली. घड्यांच्या कोपऱ्यांत बारीक बारीक ठिपके लुकलुकायला लागले. ह्यांनी खडूने एकेकाभोवती गोल केला. सकाळी मोजले तर एकतीस. बहुतेक सगळे कोपऱ्यांतच, कारण चामडं तिथेच दुमडतं आणि तिथेच चिरतं.

मग चूक केली. घरात जुन्या पिशवीचं रेक्झिन होतं आणि लाकडाचा पांढरा गोंदही होता. दोन दिवस बसून एकतीस तुकडे कापून चिकटवले. वाळल्यावर भाता लोखंडासारखा ताठ. घड्या मिटेनात आणि जोर केला तर रेक्झिन सुटण्याऐवजी खालचं जुनं चामडंच फाटून यायला लागलं. काकांना सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सांगितलं की पेटीच्या भात्याला कायम सरस (कातडी-हाडं उकळून केलेला गोंद) लावायचा, कारण सरस गरम ओल्या फडक्याने परत सुटतो. माझ्यानंतर वीस वर्षांनी ही पेटी कुणीतरी पुन्हा उघडणार आहे, त्यालाही ती सोडवता आली पाहिजे. हे मला तोवर सुचलं नव्हतं.

७ मे, बुधवार

सगळं रेक्झिन खरवडून काढायला तीन दिवस गेले. दोन घड्यांचा पुठ्ठाही त्यात गेला. त्याच जाडीचा नवा पुठ्ठा वहीच्या बांधणीवाल्याकडून घेतला, ४० रुपये.

तळाच्या फळीवर एका कोपऱ्यात पीठ पडल्यासारखं दिसलं म्हणून वाडीतल्या सुताराला बोलावलं. आमच्याच शाळेत दहावी झालेला मुलगा. त्याने नखाने टोकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यां लाकूड पोखरलेलां आसा." चार इंचांचा तुकडा कापून त्याने जुन्या खिडकीच्या सागवानाचा जोड बसवला. पैसे घेत नव्हता, पण साहित्याचे म्हणून दोनशे दिलेच. शिक्षिकेने विद्यार्थ्याकडून फुकट काम करून घेऊ नये असं मला वाटतं.

१० मे, शनिवार

मिरजेला जाऊन आले. पहाटेची एसटी, रात्री दहाला परत. बायकांना अर्धं तिकीट असल्याने जाणं परवडलं. कोल्हापुरात चामड्याची दुकानं पुष्कळ आहेत, पण तिथलं चपलांचं चामडं या कामाला जाड पडतं. भात्याला कागदासारखं पातळ, मऊ, पांढरं मेंढीचं चामडं लागतं. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या गल्लीत ती वाद्यं बनतात तिथे पेटीचं किरकोळ सामानही मिळतं. चामड्याचे दोन तुकडे ७६०, पाव किलो सरस १३०, पट्ट्यांखालची लोकर ३००, झडपा दाबून धरणाऱ्या पितळी कमानींचा एक जोड ४२०.

दुकानासमोर एक कारागीर ओट्यावर बसून भोपळ्याला आतून खरवडत होता. हात इतका हलका की नुसता आवाज ऐकून तो किती पातळ झालाय हे त्याला कळत असावं. दर दोन-चार फेऱ्यांनी तो बोटाच्या पेराने भोपळा वाजवून बघे. मी वीस मिनिटं उभी राहिले. परतीच्या प्रवासात माझे ते नऊ सूर आठवत राहिले. मी एका दमात खरवडत गेले होते आणि मध्ये थांबून ऐकलं नव्हतं.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल. दिवसभर फोन. पेटीला हात नाही.

१८ मे, रविवार

सरस रात्रभर गार पाण्यात भिजवला. फुगून जेलीसारखा झाला. सकाळी पातेल्यात पाणी तापवून त्यात सरसाचा डबा ठेवला. थेट आचेवर ठेवायचा नाही आणि उकळूही द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद जाते. मधासारखी धार पडली की लावायला घ्यायचा. वास घरभर होतो, त्यामुळे चूल अंगणात मांडली.

चामड्याच्या पट्ट्या एक इंच रुंद. कडा वस्तऱ्याने सोलून पातळ केल्या, नाहीतर घडी मिटताना कड टोचते. सरस थंड व्हायच्या आत चिकटवायचं, म्हणजे हाताशी अर्धं मिनिट. पहिल्या पाच पट्ट्या वाकड्या गेल्या, गरम फडक्याने सोडवून परत लावल्या. सरसाचा उपयोग तिथेच पटला. संध्याकाळी सातला भाता पुरा झाला. मऊ आणि घड्यांना सरळ. वाळायला दोन दिवस लागतील असं धरलं होतं.

२० मे ते २८ मे

पाऊस. मे महिन्यात असा पाऊस मी पाहिला नव्हता. २५ तारखेला मान्सूनच कोकणात उतरला. आम्ही आपले सात जूनचा हिशोब धरून बसलेलो. आंबा झाडावर, लाकडं अंगणात आणि माझा भाता ओसरीवर. लाइट तीन दिवस नव्हती. सरस वाळलाच नाही. चौथ्या दिवशी चामड्यावर हिरवट बुरा आला आणि अकरा पट्ट्या नुसत्या बोटाने निघाल्या.

कोकणात हे काम कुणी करणार असेल तर त्याला एकच सांगणं, भाता मार्चमध्ये घ्या. उत्तरपत्रिकांमुळे मला ते जमणारं नव्हतं, पण ज्याला जमेल त्याने घ्यावा.

१ जून, रविवार

लाइट आल्यावर फ्रीजच्या मोठ्या खोक्यात आडव्या काठ्या घालून भाता टांगला आणि खाली ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला. वर हवेला दोन भोकं ठेवली. खोक्यात ओल धरत नाही आणि चामडं करपतही नाही. बुरा व्हिनेगरच्या फडक्याने पुसून घेतला. अकरा पट्ट्या नव्याने लावून तीन दिवस खोक्यात ठेवल्या. पुढच्या सगळ्या कामाला हेच खोकं वापरलं.

आज भाता पेटीला परत बसवला. सगळ्या खुंट्या बंद, भाता भरून सोडला. एकवीस सेकंद. एप्रिलमधल्या चार सेकंदांच्या आकड्याखाली हा आकडा लिहिला. मंडळातल्या काकी योगायोगाने आल्या होत्या. त्यांना सेकंदांचं काही नव्हतं, त्यांनी विचारलं, "बाई, गणपतीक वाजतली मा?"

८ जून, रविवार

आता झडपा. पट्टी दाबली की मागे एक लांबट लाकडी झडप उचलली जाते आणि सुराचं भोक उघडतं. झडपेखालचं चामडं भोकावर घट्ट बसलं नाही की सूर न दाबता बोलतो. जुनं चामडं वाळून सालीसारखं झालं होतं, ३९ झडपा खरवडून नवं लावलं. लावून बघते तर सगळी पेटी फुसफुसते. जुन्यापेक्षा वाईट.

दिवसभर कारण सापडेना. कमानी बदलल्या, दाब वाढवला, तरी फुसफूस तीच. शेवटी जुन्या झडपांपैकी न खरवडलेली एक सापडली, तिच्याशी ताडून पाहिलं. चामड्याची खरखरीत, मखमली बाजू बाहेर हवी. ती भोकाच्या कडेवर दबून बसते. मी दिसायला बरी म्हणून गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली होती. ३९ च्या ३९ उलट्या. सरस असल्यामुळे चामडं वाया गेलं नाही एवढंच. आठ तास मात्र गेले.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. आज झडपा संपवायच्याच होत्या.

नेमकी कुठली झडप गळते ते शोधायला खडू कामी आला. फळीवरच्या भोकाच्या कडेला खडूची पूड बोटाने चोळायची, झडप तिच्या जागी सोडायची, उचलून उलटी करायची. चामड्यावर भोकाचा पांढरा चौकोन पूर्ण उमटला तर झडप बसली. एखादी बाजू उमटली नाही तर तिथून हवा जाते. ३९ पैकी सात चौकोन अपुरे होते. चारांची कमान तिरकी होती, ती वाकवून सरळ केली. तिघांच्या लाकडालाच पीळ होता. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यांवर ते घासले. सातवा चौकोन पूर्ण उमटला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. शाळेची पिशवी भरायची राहिली होती, पण मी ती झडप दिव्याखाली धरून बराच वेळ बघत होते. चारही कोपरे नेमके.

पट्ट्या अडकत होत्या, त्यांच्या मागच्या खिळ्यांवर शिसपेन्सिलीची पूड चोळली. तेल लावू नये, लाकूड फुगतं.

खुंट्या उघडून चाचणी: सतरा सेकंद, एकही सूर आपणहून बोलत नाही. ड्रोनच्या, म्हणजे एकच सूर सतत धरून ठेवणाऱ्या, खुंट्यांपैकी दोन गळत होत्या. आमच्या भजनाला त्या लागत नाहीत म्हणून चामड्याची चकती लावून कायमच्या बंद केल्या.

२२ जून, रविवार

सूर लावले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणापुरती उठले.

आधी नर लावले, पांढरी ६ ला (सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) सेकंदाला ४४० कंपनं धरून ट्यूनरने. पातीखाली ब्लेड सारून तिला आधार द्यायचा. टोकाकडे खरवडलं तर सूर चढतो, रिबिटीकडे, म्हणजे पाती चौकटीला ठोकलेली असते तिकडे, खरवडलं तर उतरतो. एका वेळी एकच ओढ, मग फळी आत, भाता मारून ऐकायचं. प्रत्येक वेळी फळी आत घालायचा कंटाळा येतो, पण एप्रिलमधला धडा लक्षात होता. दुसरं असं की घासल्याने पितळ थोडं तापतं आणि तेवढ्या वेळापुरता सूर उतरलेला दाखवतो. मिनिटभर थांबून मगच आकडा वाचायचा.

खर्ज ट्यूनरने लावले नाहीत, नराच्या जोडीने कानाने लावले. दोन्ही एकत्र वाजवले की आवाज हेलकावतो, वांव-वांव असा. जवळ येत गेले की हेलकावे संथ होतात आणि एका क्षणी थांबतात. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे खर्जाची दुप्पट आणि नर यांत दोन कंपनांचा फरक. वर्गात मी हे गुणोत्तराच्या धड्यात सांगत आले आहे. हाताखाली थांबताना मात्र आजच ऐकलं.

सहा वाजता हात थरथरत होते. एकोणसत्तर सूर लागले. राहिले नऊ, एप्रिलमध्ये खरवडलेले. त्यांना परत वर-खाली करताना दोन पाती फारच पातळ झाल्या. बोलतात, पण आवाज बारीक. तसेच ठेवले.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पेटी पहिल्यांदा देवळात नेली. दोन तास वाजली. भाता हलका, आवाज भरदार. सगळ्या जणी खूश.

आमच्या मुख्य गायिका काकी काळी ५ मध्ये गातात, म्हणजे ती पट्टी षड्ज (सा) धरून. भजन संपल्यावर त्या जवळ येऊन म्हणाल्या की गंधार (ग) टोचतो. त्यांना कुणी संगीत शिकवलेलं नाही, पण कान पक्का. खरं आहे त्यांचं. पेटीच्या बारा पट्ट्या सारख्या गुणोत्तराने वर चढतात, १.०५९४६ ने बारा वेळा गुणलं की दुप्पट. गळा मात्र गंधार लावतो तो षड्जाच्या सव्वापट. पेटीचा त्याहून चढा येतो. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती याच धर्तीच्या आक्षेपांवरून आणि ती १९७१ पर्यंत राहिली. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांची) पेटी बनवली तीही याच अडचणीतून. मला हे सगळं माहीत होतं. तरीही वाटलं, आपल्या काकींपुरता एक गंधार आपण सुधारू शकतो.

१३ जुलै, रविवार

काळी ५ चा षड्ज ४६६.१६. त्याच्या सव्वापट ५८२.७०. पेटीवर तिथे पांढरी २ येते, ती ५८७.३३ ला लागलेली. रिबिटीकडे खरवडून साडेचार कंपनं उतरवली. मधल्या सप्तकातलीही त्याच हिशोबाने. काकींनी संध्याकाळी गाऊन पाहिलं आणि डोळे मिटून मान हलवली. मला फार बरं वाटलं.

२० जुलै, रविवार

सरावाला दुसऱ्या एका वहिनींनी पांढरी ५ मध्ये गवळण सुरू केली आणि पंचमावर (प) सगळ्याच थांबल्या. पांढरी ५ चा पंचम म्हणजे तीच पांढरी २. तिथे हवे होते ५८८, मी ठेवले होते ५८२.७. सेकंदाला पाच हेलकावे, कुणाच्याही कानाला कळेल असे. एका सुराचा गंधार तोच दुसऱ्या सुराचा पंचम, हे कागदावर दोन ओळींत दिसलं असतं. मी मांडून पाहिलं नाही.

घरी येऊन परत चढवायला बसले. टोकाकडून खरवडत गेले. रिबिटीजवळ ती आठवड्यापूर्वीच पातळ झालेली. ५८५ वर असताना भाता मारला आणि टिक असा आवाज होऊन पाती मुळातून तुटली.

त्या रात्री पेटी झाकून ठेवली. ह्यांनी काही विचारलं नाही, चहा करून दिला.

२७ जुलै ते १० ऑगस्ट

पेटीचे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात. तिथला माल ठेवणाऱ्या एका दुकानातून फोनवर तीन मागवले. एक तुटलेला आणि दोन ते बारीक आवाजाचे. आले नऊ दिवसांनी आणि तिन्ही खर्जाचे. चौकट लांब, स्क्रूची भोकं जुळत नाहीत. परत पाठवून बदलून यायला आणखी सहा दिवस. यात पहिल्या चाचणीच्या पेपरांचे दोन गठ्ठे तपासून झाले, तेवढाच फायदा.

दुकानाचा दोष होता, पण सांगण्यात माझाही. नुसतं "वरच्या सप्तकातली पांढरी २" म्हणून भागत नाही. जुन्या सुराचा मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, दोन स्क्रूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, नर की खर्ज आणि कंपनसंख्या, एवढं लिहून पाठवावं. दुसऱ्या वेळी तसं केलं, बरोबर आले.

१७ ऑगस्ट, रविवार

नवे तीन सूर बसवले. नवा सूर चौकटीत जरा मोकळा असतो, पातीचं टोक किंचित वर उचललेलं लागतं. फार उचललं तर हवा जास्त खातो, कमी उचललं तर उशिरा बोलतो. शेजारच्या चांगल्या सुराकडे डोळ्यांच्या रेषेत बघून तेवढंच ठेवलं. मधल्या सप्तकातली पांढरी २ वाचली, तिला अगदी हलक्या चार ओढींनी मूळ जागी आणलं. आता सगळ्या पट्ट्या सारख्या गुणोत्तरावर.

काकींना जाऊन सांगितलं की गंधार टोचेल. त्या म्हणाल्या, त्या ठिकाणी तू पट्टी सोड, मी लावते. तेव्हापासून तसंच करते. त्यांच्या लांब गंधारावर पेटी गप्प ठेवते, नुसता षड्ज धरते. ऐकायला हेच सगळ्यांत चांगलं लागतं.

२४ ऑगस्ट, रविवार

हिशोब मंडळाच्या वहीत मांडला. चामडं ७६०, सरस १३०, लोकर ३००, कमानी ४२०, पुठ्ठा ४०, सुतार २००, तीन सूर आणि टपालखर्च ४१०, स्क्रू, पॉलिश पेपर, बल्ब मिळून २१०, मिरजेचं जाणं-येणं ३४०. एकूण २,८१० रुपये. यात वाया गेलेला गोंद धरलेला नाही, तो घरचा. वेळ साधारण १४० तास. त्यातले पन्नासेक माझ्या चुका निस्तरण्यात गेले. रेक्झिन, उलट्या झडपा, नऊ सूर आणि तो गंधार.

पॉलिश केलं नाही. पुढच्या पट्टीवर जुन्या मंडळातल्या कुणीतरी खिळ्याने कोरलेलं "श्री" आहे. त्यावर हात फिरवायचा नव्हता.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

आमच्या घरून आरती झाल्यावर पेटी डोक्यावर घेऊन निघालो. पाऊस होता म्हणून वर प्लास्टिक आणि त्यावर ह्यांची छत्री. पहिल्याच घरी ओटीवर बसलो तेव्हा तिथल्या एका आजोबांनी पेटी ओळखली. जुन्या मंडळात ते मृदंग वाजवायचे. "ही आमची मा?" एवढंच म्हणाले आणि भजन संपेपर्यंत हलले नाहीत.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपती गेले. सात दिवसांत पेटी अकरा घरी फिरली, दोनदा भिजता भिजता राहिली. आज मोजलं: खुंट्या बंद असताना एकोणीस सेकंद. दोन सेकंद कमी झाले आहेत, डाव्या बाजूच्या तिसऱ्या घडीचा कोपरा असावा. वरच्या सप्तकातली पांढरी ७ दमट हवेत अडकते. रविवारी उघडेन. खोक्यातला बल्ब तोवर रोज रात्री दोन तास चालू ठेवते.